सिबिल ‘क्लिअर’ करण्याचे पैसे

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. कुठल्याही स्टेशनाबाहेर विजेच्या डब्यांवर आणि बंद शटरवर भाड्याच्या खोल्यांच्या नि पार्टटाइम नोकऱ्यांच्या कागदांशेजारी आता आणखी एक कागद चिकटवलेला असतो : ‘सिबिल खराब? लोन रिजेक्ट? सिबिल क्लिअर करून मिळेल.’ खाली मोबाइल नंबर. हीच जाहिरात फोनच्या पडद्यावर येते तेव्हा तिची भाषा बदलते. ‘क्रेडिट रिपेअर’, ‘स्कोअर बूस्ट’, ‘नव्वद दिवसांत ७५० प्लस’. फीला धरबंध नाही. कुणी काही हजारांत ‘फाइल’ उघडतो, कुणी मिळणाऱ्या कर्जावर टक्केवारी मागतो. बहुतेक जण पैसे आधी घेतात.

हे पैसे द्यावेत का? माझं उत्तर आधीच सांगतो, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींच्या हातात अशी पावती आत्ता असेल. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने फुकट दिलेला आहे. नोंद खरी असेल तर ती पुसण्याची ताकद कुठल्याही एजंटकडे नाही. या दोहोंच्या मधे एक छोटी, अवघड जागा उरते. तिथे जाणकाराला मेहनताना देणं शहाणपणाचं ठरू शकतं. जाहिराती मात्र त्या जागेच्या नसतात.

आपण ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, ते एका कंपनीचं नाव आहे. क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो (इंडिया) लिमिटेड ही ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांच्या नोंदी ठेवू लागली. पुढे ती अमेरिकेतल्या ट्रान्सयुनियन समूहाकडे गेली आणि ‘ट्रान्सयुनियन सिबिल’ झाली. तिचं कार्यालय सेनापती बापट मार्गावर, जिथे ज्युपिटर मिल होती त्या आवारात आहे. त्या गिरणीतल्या कामगाराची पत वाण्याच्या वहीत, भिशीत आणि पतपेढीत ठरत होती. माणूस समोर असायचा आणि त्याच्या अडचणीही ठाऊक असायच्या. आता त्याच जागेवरून देशभरातल्या कर्जदारांना ३०० ते ९०० या पट्टीवर आकडा मिळतो. सिबिलशिवाय आणखी तीन कंपन्या, म्हणजे ब्यूरो, हेच काम करतात : इक्विफॅक्स अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर, एक्सपिरियन कुर्ला पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर, आणि क्रिफ हाय मार्क, जिचा पत्ता अनेक वर्षं कालिन्याचा होता. म्हणजे ज्या उपनगरांत या आकड्याची इतकी भीती आहे, तिथल्याच रस्त्यांवर हे आकडे तयार होतात. आणि चौघींकडचा आकडा एकच असेल असंही नाही. बँक एकीचा अहवाल पाहते, बिगरबँक वित्त कंपनी दुसरीचा, आणि एजंट आपल्याला तिसरीचा दाखवतो.

भीती खोटी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. मुलुंडला वन बीएचके घेणाऱ्या जोडप्याचा हिशेब मांडून पाहा. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं. साडेआठ टक्के दराने महिन्याचा हप्ता साधारण ४३,३९० रुपये येतो. स्कोअर कमी म्हणून बँकेने सव्वानऊ टक्के लावले तर ४५,७९०. महिन्याला चोवीसशे रुपयांचा फरक, आणि वीस वर्षांत पावणेसहा लाखांच्या आसपास. बँकेने सरळ नाही म्हटलं तर बिल्डरकडे भरलेली टोकनची रक्कम अडकते, ती वेगळीच. बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराचा कर्जाचा इतिहास पाहतात. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरातून बातमी आली, की ठरत आलेलं लग्न मुलाचं सिबिल पाहून मुलीकडच्यांनी मोडलं. एवढं सगळं एका आकड्यावर टांगलेलं असताना कुणी पाच-दहा हजार देऊन तो वर नेऊन देतो म्हणाला, तर माणूस ते देतो. अशा माणसाला अडाणी म्हणणं मला पटत नाही. तो घाबरलेला असतो, आणि त्याच्या घाबरण्याला कारण असतं.

म्हणून एजंट नेमकं काय करतो, ते जवळून पाहायला हवं.

पहिली गोष्ट, तो आपला अहवाल काढून आपल्यालाच वाचून दाखवतो. या कामाला पैसे पडायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०१७ पासून प्रत्येक ब्यूरोने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, फुकट द्यायचा आहे. ब्यूरो चार, म्हणजे अहवालही चार. दर तीन महिन्यांनी एकेक काढला तर वर्षभर लक्ष राहतं. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की ‘तुम्ही बघू नका, स्कोअर पडेल, आम्ही बघतो’ असं सांगून ग्राहकाला त्याच्याच कागदापासून दूर ठेवलं जातं.

दुसरी गोष्ट, तो ‘डिस्प्यूट’ टाकतो. एका खात्यावर नव्हे, सगळ्या. खरं-खोटं न पाहता प्रत्येक थकबाकीपुढे ‘हे खातं माझं नाही’ किंवा ‘रक्कम चुकीची आहे’ अशी तक्रार. ती नोंदवली गेली की त्या खात्याशी ‘अंडर डिस्प्यूट’ असा शेरा लागतो. एजंट त्याचा स्क्रीनशॉट पाठवतो : ‘बघा, काम चालू झालं.’ पुढे ब्यूरो ती तक्रार बँकेकडे पाठवतो, बँक आपलं खातं उघडून पाहते आणि नोंद बरोबर आहे असं कळवते. शेरा जातो, थकबाकी जागच्या जागी राहते. ब्यूरोला बँकेच्या होकाराशिवाय नोंदीत एक अक्षर बदलता येत नाही. सगळी व्यवस्थाच तशी आहे.

‘बँकेत आपला माणूस आहे, तो आतून काढतो’ हे आश्वासनही इथेच फसतं. १ जानेवारी २०२५ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला कर्जदारांची ताजी माहिती ब्यूरोंना पाठवावी लागते. समजा कुणी लबाडीने एखादी नोंद गाळली, तरी मूळ कर्जखात्यात थकबाकी आहे तोवर पुढच्या फाइलबरोबर ती परत येते. तोवर एजंटचा फोन लागेनासा झालेला असतो.

तिसरी गोष्ट खरोखर उपयोगी पडते. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड काढून द्यायचं, किंवा छोटं सोनेतारण कर्ज, आणि मग सहा-आठ महिने वेळेवर भरायला लावायचं. ज्याच्या नावावर कर्जाचा इतिहासच नाही, त्याला याने फायदा होतो. पण हे कार्ड बँकेच्या काउंटरवर वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवून कुणालाही मागता येतं. ज्या शिस्तीने स्कोअर वर गेला ती ग्राहकाची, ठेव त्याची, हप्ते त्याचे. पावती मात्र एजंट फाडतो.

ज्यांचा इतिहासच नाही त्यांच्याविषयी आणखी एक सांगितलं पाहिजे. उपनगरांत अशी हजारो मराठी घरं आहेत, ज्यांनी आयुष्यभर पतपेढीतून कर्ज घेतलं, पगारातून कापून दिलं, एक हप्ता चुकवला नाही. रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत न येणाऱ्या पतसंस्थांची कर्जं या अहवालांत सहसा उमटत नाहीत. मग बँकेत गेल्यावर स्कोअरच्या जागी इतिहास नसल्याची खूण येते आणि एजंट तिला ‘सिबिल मायनस आहे’ म्हणतो. मायनस म्हणजे वाईट नव्हे, कोरं. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारायचा नाही, किमान स्कोअरचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेलं नाही, असं अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. बँक शाखेत हे वाक्य म्हणायला पैसे लागत नाहीत.

चौथी गोष्ट सगळ्यात वाईट. ‘रिपेअर’ करणारा अनेकदा स्वतःच कर्जाचा दलाल असतो. स्कोअर सुधारेपर्यंत थांबायला त्याला परवडत नाही. तो तीच फाइल पाच-सहा वित्त कंपन्यांत ‘लॉगिन’ करतो. प्रत्येक कंपनी अहवाल मागवते आणि प्रत्येक मागणीची नोंद अहवालात होते. महिन्याभरात इतक्या जणांकडे हात पसरला, असं पुढच्या बँकेला दिसतं आणि स्कोअर आणखी घसरतो. दरम्यान पॅन, आधार, आलेला ओटीपी आणि ब्यूरोच्या खात्याचा पासवर्ड एका अनोळखी माणसाच्या फोनमध्ये जाऊन बसलेला असतो.

पॅनचा नंबर परक्याच्या हाती पडला की काय होतं, याचं सर्वांनी पाहिलेलं उदाहरण मुंबईतलंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अभिनेत्री सनी लिओनी यांनी जाहीर केलं, की त्यांच्या पॅनवर कुणी तरी दोन हजार रुपयांचं कर्ज उचललं आणि त्यांचा स्कोअर बिघडला. ते कर्ज धनी या ॲपवरचं होतं. त्याच सुमारास त्या ॲपवर आपल्या पॅनवर परस्पर कर्ज काढलं गेल्याच्या तक्रारी इतर अनेकांनी केल्या. सनी लिओनी यांची नोंद थोड्याच वेळात दुरुस्त झाली आणि त्यांनी संबंधितांचे आभारही मानले. ज्याच्या मागे लाखो चाहते नाहीत, त्या घाटकोपरच्या दुकानातल्या मुलाला तीच दुरुस्ती तितक्या वेगाने मिळाली पाहिजे. कायद्याने त्याच्या हातात काय दिलं आहे, ते म्हणूनच नीट पाहू.

क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा २००५ चा, डिसेंबर २००६ पासून लागू. चुकीची नोंद दाखवून दिल्यावर ती तीस दिवसांत दुरुस्त व्हायला हवी, असं तो सांगतो. बरीच वर्षं या तीस दिवसांना दात नव्हते. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही ब्यूरोंना मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा दंड केला, आणि माहितीची अचूकता हा त्यातला मोठा मुद्दा होता. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला परिपत्रक निघालं आणि २६ एप्रिल २०२४ पासून ते अमलात आलं : तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. बँकेने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती ब्यूरोकडे पाठवायची. तिने उशीर केला तर भरपाई तिने द्यायची. बँकेने वेळेत पाठवूनही ब्यूरोने वेळ घालवला तर ब्यूरोने. तक्रार पंचाहत्तराव्या दिवशी मिटली, तर पंचेचाळीस दिवसांचे साडेचार हजार रुपये ग्राहकाच्या खात्यात जमा व्हायला हवेत. जी दुरुस्ती करून देण्याचे एजंट पाच हजार मागतो, तिच्या उशिराबद्दल समोरच्यानेच आपल्याला पैसे द्यावेत, असा नियम आहे. हे उपनगरांतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि त्या अज्ञानावरच हा धंदा उभा आहे.

तक्रार करायची पद्धत अशी. ब्यूरोच्या संकेतस्थळावर जाऊन अहवालातलं नेमकं खातं निवडायचं, नेमकी चूक लिहायची आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही ई-मेल करायचा, सोबत शेवटच्या हप्त्याची पावती, खातेउतारा आणि असल्यास ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र जोडायचं. तीस दिवस उलटले किंवा उत्तर असमाधानकारक आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवर जायचं. सप्टेंबर २०२२ पासून ब्यूरोही लोकपालाच्या कक्षेत आले आहेत. इथेही फी नाही, वकील नाही. शंका असेल तर १४४४८ या क्रमांकावर विचारता येतं.

चुका कुठून येतात हे माहीत असलं, तर त्या शोधायला सोपं जातं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या दोन वेगळ्या फायली तयार होतात. माहेरच्या नावावर फेडलेलं कर्ज सासरच्या नावाला जोडलंच जात नाही. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून परक्याचं खातं चिकटतं. कर्ज फिटलं, पण बँकेने ‘क्लोज्ड’ कळवलंच नाही. बंद केलं असं वाटलेल्या कार्डाची वार्षिक फी साचत राहिली, पत्ता जुना, आणि सातशे रुपयांचे व्याजासकट काही हजार झाले. मित्राच्या टेम्पोला जामीन राहिलेल्या माणसाला ते कर्ज आपल्या अहवालात दिसतं तेव्हा धक्का बसतो. ही शेवटची मात्र चूक नव्हे. जामीनदाराची जबाबदारी खरी असते आणि मित्र थकला की डागही खराच.

खऱ्या डागांचं काय, हा प्रश्न इथून सुरू होतो. बोरिवलीतला एखादा केटरर, कांदिवलीचा मंडप-डेकोरेटर, अंधेरीत भाड्याच्या जागेत जिम चालवणारा. २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीनंतर यांचं काम एका रात्रीत थांबलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण उपनगरांचं जगणं ऑगस्टमध्ये सुरू झालं नाही. दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली व्हायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. त्या मधल्या काळात चुकलेले हप्ते ही त्या माणसांच्या दानतीची पारख नव्हती. तरी ती नोंद खरी आहे, आणि पुसली जाणार नाही. चालू खात्यात मागच्या ३६ महिन्यांचा महिन्यागणिक हिशेब दिसतो : किती दिवस थकलं, कधी भरलं. जुने महिने मागे पडतात, नवे स्वच्छ महिने पुढे येतात, स्कोअर हळूहळू वर जातो. थकबाकी भरून पुढचे हप्ते वेळेवर दिले आणि कार्डाची मर्यादा काठोकाठ वापरली नाही, तर वर्ष-दीड वर्षात फरक जाणवतो. काळ आणि शिस्त मिळून जे काम करतात, त्याचंच बिल अनेक एजंट लावतात.

‘सेटलमेंट’ हा त्याहून मोठा घाव. क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे, वर्षाला चाळीस टक्क्यांपलीकडे जातं. पन्नास हजारांचे बघता बघता सव्वा लाख होतात. मग वसुलीवाल्यांचे फोन, घरी, ऑफिसात, सासरी. अशा वेळी कुणी ‘पन्नास हजारांत मिटवून देतो’ म्हणाला, की माणूस सुटल्यासारखा होतो. कर्जमुक्ती करून देणाऱ्या काही कंपन्या तर आधी हप्ते भरणं थांबवायलाच सांगतात. तो पैसा बाजूला साठवायचा, थकबाकी पुरेशी जुनी झाली की बँकेशी घासाघीस करायची, आणि वाचलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यायची. जो खरोखर बुडाला आहे, ज्याला पूर्ण फेडणं शक्यच नाही, त्याच्यासाठी हा कधी कधी एकमेव रस्ता असतो, आणि तो घेतल्याबद्दल त्याला कुणी दोष देऊ नये. पण याला पत सुधारणं म्हणता येणार नाही. खातं ‘क्लोज्ड’ न होता ‘सेटल्ड’ होतं, आणि पुढची बँक तो शब्द वर्षानुवर्षं वाचते, कारण ब्यूरोंनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते. तसंच ‘रिटन ऑफ’चं. बँकेने आपल्या हिशेबातून रक्कम बाजूला काढली म्हणजे माफ केली नाही.

‘सेटल्ड’चा ‘क्लोज्ड’ करायचा एकच सरळ मार्ग आहे. बँकेला लिहून उरलेली रक्कम विचारायची, ती भरायची, प्रमाणपत्र घ्यायचं आणि बँक ब्यूरोला नवी स्थिती कळवते का ते पुढच्या महिन्यात पाहायचं. अनेकदा व्याज-दंडात सूट मिळते, पण ती मागावी लागते आणि लेखी घ्यावी लागते. एजंटला द्यायचे दहा हजार याच रकमेत घातले, तर ते खऱ्या अर्थाने पत सुधारण्यावर खर्च होतात.

आता ती अवघड जागा, जिचा सुरुवातीला उल्लेख केला. कर्ज देणारी संस्थाच उरलेली नसते तेव्हा काय? पीएमसी बँकेचं मुख्यालय भांडुपला होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सिटी बँकेची कार्डं मार्च २०२३ मध्ये ॲक्सिसकडे गेली. बुडीत कर्जांचे गठ्ठे बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, त्या पुढे कधी दुसऱ्यांना. अशा वेळी ग्राहकाकडे २०१७ ची पावती असते, अहवालात भलत्याच कंपनीचं नाव असतं, आणि दोघेही ‘आमच्याकडे रेकॉर्ड नाही’ म्हणतात. कधी दोन संस्था तेच कर्ज दोनदा दाखवतात. आई-वडिलांपैकी एक गेल्यावर संयुक्त कर्जाच्या कागदांत मुलं हरवून जातात. इथे ई-मेल लिहिणारा, जुने करारनामे वाचणारा आणि लोकपालापुढे तारीखवार मांडणी करणारा माणूस लागतो. ज्यांना स्वतः वेळ नाही, किंवा डोळे, हात, इंग्रजी साथ देत नाही, त्यांनी ओळखीच्या सीएला किंवा वकिलाला पैसे दिले तर ते वाया जात नाहीत. मात्र पैसे पत्रव्यवहाराच्या कामाचे असावेत, आकड्याचे नव्हेत. काय करणार ते लिहून घ्यावं. मोठा हिस्सा काम झाल्यावर द्यावा. ओटीपी आणि पासवर्ड कुणालाही देऊ नये. तक्रारी आपल्याच ई-मेलवरून जाव्यात, म्हणजे उत्तरंही आपल्याकडे येतील. आणि ‘इतक्या दिवसांत इतका स्कोअर’ असं जो म्हणेल त्याच्याकडून उठून यावं, कारण स्कोअर तो काढत नाही.

अमेरिकेत हा धंदा आपल्याआधी वाढला आणि तिथे त्यासाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला. काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत, लेखी करार करायचा, आणि ग्राहकाला तीन दिवसांत करार मोडता आला पाहिजे. फोनवरून विकलेल्या सेवेला तर आणखी कडक नियम : निकाल दिसल्यावर सहा महिन्यांनीही तो टिकला आहे, हे अहवालाने दाखवावं, मगच फी. एवढं असूनही तिथल्या सर्वात मोठ्या नावांपैकी लेक्झिंग्टन लॉ आणि क्रेडिटरिपेअर.कॉम यांच्या समूहाने आगाऊ पैसे घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यावर २७० कोटी डॉलरचा निवाडा झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने ४३ लाख लोकांना १८० कोटी डॉलर परत करायला घेतले. आपल्याकडे या धंद्यासाठी वेगळा कायदा नाही, परवाना नाही, आगाऊ फीवर बंदी नाही. ब्यूरो, बँका आणि वित्त कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली आहेत. त्यांच्या आणि ग्राहकाच्या मधे उभा असलेला हा माणूस कुणाच्याच नजरेखाली नाही. आगाऊ फीवर बंदी, हा एक नियम जरी आला, तरी शटरवरचे निम्मे कागद उतरतील असं मला वाटतं.

दुसरी गरज आहे ती फुकट आणि भरवशाच्या सल्ल्याची. ती कल्पना मुंबईला नवी नाही. दोन हजारच्या दशकात बँक ऑफ इंडियाने मुंबईत ‘अभय’ नावाचं कर्ज समुपदेशन केंद्र सुरू केलं. कर्जात बुडालेल्या माणसाने बसावं, हिशेब मांडावा, बँकेशी बोलणी कशी करायची ते विचारावं, यासाठी. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांची योजनाच आखली. वसुलीवाल्याच्या फोनने हादरलेल्या माणसाला आधी ऐकून घेणारं कुणी तरी हवं असतं. ती खुर्ची रिकामी राहिली की तिथे एजंट येऊन बसतो. महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डात, निदान अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या मोठ्या बँक शाखांत, आठवड्यातून दोन संध्याकाळी असं टेबल लागावं, ही मागणी फार मोठी नाही. तोवर विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून काम करणारी, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिले ते, ज्यांनी पैसे आधीच दिले आहेत. त्यांनी आज ब्यूरोच्या खात्याचा आणि ई-मेलचा पासवर्ड बदलावा. चारही अहवाल काढून अनोळखी चौकशा किंवा नवी कर्जं दिसतात का ते पाहावं. दिसली तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार करावी. एजंटला लेखी, तारीख घालून, पैसे परत मागावेत. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं आणि ‘गॅरंटी’ लिहिलेली जाहिरात जपून ठेवावी. उत्तर आलं नाही तर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना महाविद्यालयाजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून आधी पावतीवरची तारीख पाहून घ्यावी.